नऊ भुवनांच्या सरोवरावर

उत्तरेच्या नऊ भुवनांत जायचे तर आधी एका तळ्याच्या काठी यावे लागते. तळ्याचे नावच मुळी ‘नवांचे सरोवर’. काठाला एक लहानशी लाकडी होडी असते; दोन माणसे बसली की भरली. भाडे नाही, नावाडी नाही, वल्ही आपली आपण मारायची. भोवताली बर्फाने माखलेले कडे आणि मधोमध टीर नावाच्या युद्धदेवाचे अवाढव्य देऊळ. देवळापलीकडे एक डोंगर पसरलेला दिसतो. होडी जरा जवळ नेली की तो डोंगर श्वास घेतो आहे असे वाटू लागते, आणि मग त्या डोंगराला डोके फुटते. हा योर्मुनगांड, सगळ्या पृथ्वीला वेढा घालणारा महासर्प. तो बोलतोसुद्धा, पण त्याची भाषा इतकी जुनी, की ती समजणारे जवळजवळ कोणी उरलेले नाही. तो जरा हलला की तळ्याचे पाणी उतरते आणि कालपर्यंत बुडालेले किनारे नि दरवाजे उघडे पडतात. आपल्याकडे मे महिन्यात धरणाचे पाणी आटले म्हणजे बुडालेल्या गावाचे देऊळ वर डोके काढते ना, अगदी तसे.

हे तळे पृथ्वीच्या गोलावर शोधू नये. ते आहे ‘गॉड ऑफ वॉर’ नावाच्या एका व्हिडिओ गेममध्ये. लॉस एंजलिसच्या सँटा मोनिका स्टुडिओने तो तयार केला, कोरी बार्लोग हे त्याचे दिग्दर्शक, आणि २० एप्रिल २०१८ रोजी सोनी कंपनीने तो बाजारात आणला. ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द वाचताच ज्या वडीलधाऱ्या वाचकांनी पान उलटण्यासाठी बोट उचलले असेल, त्यांनी ते क्षणभर तसेच धरावे. खेळात मारामारी आहे, रक्तही भरपूर आहे. युरोपात विकल्या जाणाऱ्या डब्यावर १८ हा वयाचा आकडा ठळक छापलेला असतो आणि तो उगीच नाही. पण मी गेलो तो मारामारीसाठी नव्हे. मी गेलो प्रवासाला. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कंट्रोलर त्याच्या हातात, आणि ‘अरे, डावीकडे बघ, तिथं काहीतरी चकाकतंय’ हे सांगण्याचे काम माझ्याकडे. मोटारीतून जाताना एकाने चक्र धरावे आणि दुसऱ्याने रस्त्याबद्दल वाद घालावा, त्यातलाच प्रकार.

प्रवास म्हणण्याला आणखी एक कारण आहे. सिनेमात नायक दारातून बाहेर पडतो आणि पुढच्या क्षणी विमानतळावर उभा असतो. इथे तसे होत नाही. सुरुवातीच्या कुऱ्हाडीच्या घावापासून शेवटापर्यंत दृश्य एकदाही तोडलेले नाही. कॅमेरा त्या माणसाच्या खांद्यामागून जो निघतो तो निघतोच. डोंगर चढायचा तर पायथ्यापासून चढायचा, तळे ओलांडायचे तर वल्हवत ओलांडायचे. त्यामुळे चार दिवसांत त्या मुलखाची वळणे पायाखालची होतात.

आता हा माणूस कोण आणि निघाला कुठे? त्याचे नाव क्रेटॉस. मूळचा ग्रीस देशचा. २००५ साली निघालेल्या पहिल्या खेळापासून त्याने तिकडच्या देवांशी वैर धरले आणि शेवटी बापालाही, म्हणजे प्रत्यक्ष झ्यूसलाही, सोडले नाही. एवढा संहार करून तो उत्तरेच्या रानात येऊन राहिला, तिथे लग्न केले, मुलगा झाला. खेळ सुरू होतो तेव्हा ही दुसरी बायको, फे, नुकतीच वारलेली आहे. क्रेटॉस एक झाड तोडतो आहे, चितेसाठी. चिता पेटते, विझते. आणि तिची रक्षा एका लहानशा पिशवीत भरून तो कमरेला बांधतो. तिची शेवटची इच्छा एकच: सर्व भुवनांतल्या सर्वांत उंच शिखरावरून माझी रक्षा वाऱ्यावर सोडा. बस्स. सबंध खेळ एवढ्याच कामाचा आहे. नव्या जगाचे राज्य मिळवायचे नाही, खजिना आणायचा नाही, राजकन्या सोडवायची नाही. अस्थी पोचवायच्या आहेत.

बरोबर मुलगा आहे, ॲट्रियस. बाप त्याला नावाने हाक मारत नाही, ‘पोरा’ म्हणतो. चितेपाशी मुलाच्या खांद्यावर ठेवायला त्याचा हात पुढे होतो आणि हवेतच थबकून मागे येतो. गंमत अशी की या मुलखात बापाचे मुलावाचून चालत नाही. भिंतींवर, दरवाजांवर, स्तंभांवर जे रून लिपीतले लेख आहेत ते बापाला वाचता येत नाहीत, तो परका. मुलाला आईने लिपी शिकवलेली. प्रत्येक बंद दरवाजासमोर तो धिप्पाड माणूस मुकाट्याने बाजूला होतो आणि पोर पुढे होऊन वाचून दाखवते. परमुलखात मुलाच्या तोंडाने व्यवहार करणारे बाप आपल्याकडेही आहेत. मुंबईत नव्याने आलेल्या कुटुंबांत ते रोज दिसतात.

ही नऊ भुवने आली कुठून? आइसलँड बेटावर स्नोरी स्टुर्लुसोन नावाचा एक सरदार होऊन गेला; जन्म ११७९ चा. राजकारणी, कायदेपंडित आणि कवी. इसवी सन १००० च्या सुमारास आइसलँड ख्रिस्ती झाले होते आणि त्यानंतर दोनशे वर्षांनी, साधारण १२२० च्या आसपास, या गृहस्थाने जुन्या देवांच्या कथा ‘एड्डा’ या ग्रंथात लिहून ठेवल्या. कारण काय, तर जुन्या कवितेतली रूपके कळायची तर जुने देव ठाऊक हवेत. १२४१ साली नॉर्वेच्या राजाच्या हस्तकांनी त्याला रेखोल्ट या त्याच्या गावी, घराच्या तळघरात मारले. ज्या जुन्या कवितांवर त्याने आधार ठेवला, त्यांची मुख्य पोथी पुढे डेन्मार्कच्या राजाकडे गेली आणि तीनशे वर्षांनी, १९७१ साली, युद्धनौकेवरून आइसलँडला परत आली. बंदरावर लोकांची तोबा गर्दी उसळली होती. पोथीसाठी!

पण या पोथ्या-ग्रंथांत एक मोठी मौज आहे. ‘नऊ जगे’ असा उल्लेख त्यांत येतो, मात्र ही नऊ कोणती याची यादी सरळपणे कुठेही दिलेली नाही. इग्ड्रासिल नावाचा विश्ववृक्ष आहे, त्याला तीन मुळे आहेत, मुळांशी झरे आहेत, एका मुळाला नाग कुरतडतो आहे, शेंड्यावर गरुड आहे आणि दोघांच्या शिव्या एकमेकांना पोचवणारी खार खोडावरून वरखाली धावते आहे. खारीच्या उद्योगाची अशी बारीक नोंद आहे; भुवनांचा नकाशा मात्र नाही. वरती मूळ आणि खाली फांद्या असलेल्या आपल्या अश्वत्थाचा नकाशा तरी कुठे आहे म्हणा! खेळ रचणाऱ्यांनी नेमक्या या मोकळ्या जागा हेरल्या. टीरच्या देवळात एक पूल आहे. तो चाकासारखा फिरवायचा आणि ज्या भुवनाच्या मनोऱ्याशी जुळवावा त्या भुवनाचे दार उघडते. पोथीत असे यंत्र नाही. पण पोथीत नसलेली गोष्ट पोथीला शोभेल अशी घडवणे ही वेगळी विद्या आहे, आणि ती या मंडळींना साधली आहे.

पिशवी घेऊन बापलेक आधी मिडगार्डमधला, म्हणजे माणसांच्या भुवनातला, सर्वांत मोठा डोंगर चढतात. वाटेत विषारी काळे धुके आडवे येते. ते हटवायला उजेड हवा, म्हणून ॲल्फहाइम गाठावे लागते. हे गंधर्वनगरीसारखे भुवन. जांभळट झाडे, काचेसारखे पाणी, आणि मध्यावर आकाशात चढत गेलेला प्रकाशाचा झोत. त्या झोतासाठी गोऱ्या आणि काळ्या एल्फांचे युद्ध चालू आहे. क्रेटॉस त्या प्रकाशात शिरतो, त्याला वाटते दोन क्षण गेले. बाहेर येतो तो मुलगा संतापलेला, दमलेला, एकट्याने लढून घायकुतीला आलेला. फार वेळ गेलेला असतो. रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेलेल्या रैवत राजाची कथा ज्यांना आठवते त्यांना हे नवे वाटणार नाही. त्या राजाचे मात्र मागे कोणी वाट पाहत नव्हते.

उजेड घेऊन परत यायचे, डोंगर चढायचा, हिमवादळ, राक्षस, दमछाक. शेवटी शिखर. आणि शिखरावर एका झाडाच्या खोडात जखडलेला मिमिर नावाचा शहाणा त्यांना सांगतो, की महाराज, हे ते शिखर नव्हे. सर्वांत उंच शिखर योटुनहाइम या राक्षसांच्या भुवनात आहे, आणि तिथली वाट बंद आहे.

यात्रेला निघालेल्या कोणत्याही माणसाला या क्षणी मिमिरचा गळा धरावासा वाटेल. क्रेटॉस गळाच कापतो. पण मिमिरच्याच विनंतीवरून. ओडिनने त्याला १०९ हिवाळे त्या झाडात बांधून ठेवलेले. ‘डोके तोडून न्या, एका विदुषीला ते पुन्हा जिवंत करता येईल,’ असे तो म्हणतो. तेव्हापासून हे बोलके डोके क्रेटॉसच्या कमरेला लटकते, रक्षेच्या पिशवीजवळ. ही कल्पना हॉलिवूडच्या गावाची नव्हे हो, स्नोरीचीच. त्याच्या कथेत मिमिरचे तोडलेले डोके ओडिन वनस्पती चोळून टिकवतो आणि अडचणीच्या वेळी त्याचा सल्ला घेतो.

मिमिर आल्यावर होडीतल्या प्रवासाला खरी चव येते. वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज चालू आणि मिमिर गोष्टी सांगतो आहे: थॉर कसा उन्मत्त, ओडिन कसा संशयी, राक्षसांवर कसा अन्याय झाला. मध्येच कुठे होडी काठाला लागली की तो म्हणतो, ‘पुढचे नंतर’. आणि परत होडीत बसले की सोडलेला धागा पुन्हा उचलतो. एखादी कीर्तनी परंपरा असल्यासारखे. मिमिर येण्याआधी गोष्ट सांगण्याची जबाबदारी एकदा बापावर येते. तो ससा-कासवाची गोष्ट सांगतो, दोन-तीन वाक्यांत, तारेचा मजकूर वाचावा तशी. मुलगा वाट बघतो, पुढे काय? पुढे काही नाही. संपली.

माझ्या ध्यानात आले, की भाचा गोष्ट संपेपर्यंत होडी काठाला लावतच नाही. तळ्यात गोल गोल फिरवत राहतो. ‘अरे, तो किनारा आला की,’ म्हटले तर म्हणाला, ‘मामा, थांब. पूर्ण होऊ दे.’

इथे एक घरची गोष्ट सांगतो. माझी बहीण दोन वर्षांपूर्वी वारली. तिच्या अस्थी घेऊन आम्ही तिघे पुण्याहून नाशिकला गेलो होतो. गाडी मी चालवत होतो, मेहुणे पुढे, कलश घेऊन भाचा मागे. जाताना आणि येताना बापलेकांत मोजून चार वाक्ये झाली असतील, त्यांतली दोन चहाबद्दल. भांडण नव्हते. दोघांनाही सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हते. घरात पुढेही तसेच चालले. तर एकदा आम्ही या तळ्यात फिरत असताना मेहुणे दारात येऊन उभे राहिले. नेहमीप्रमाणे ‘अजून चालूच का?’ म्हणतील असे मला वाटले. ते म्हणाले, ‘त्याच्या कमरेला ती पिशवी कसली रे?’

‘रक्षा आहे, बाबा.’

‘कुणाची?’

‘बायकोची.’ मग जरा थांबून, ‘त्या मुलाच्या आईची.’

मेहुणे काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले. थोड्या वेळाने विचारले, ‘मग मघाशी एवढा डोंगर चढलात, तिथं नाही सोडली?’

‘तो डोंगर नव्हताच तो.’

‘अस्सं,’ म्हणाले. त्या दिवसापासून होडीत आम्ही तिघे.

मुस्पेलहाइम आणि निफ्लहाइम या दोन भुवनांबद्दल फारसे लिहीत नाही. एक आगीचे, एक धुक्याचे. दोन्हीकडे नुसती कसरत. पुनःपुन्हा लढा, बक्षीस मिळवा. ज्यांच्या बोटांना वळवळ आहे त्यांनी जावे. प्रवाशाला तिथे काम नाही.

हेल्हाइम मात्र टाळता येत नाही. मृतांचे भुवन, पण आपल्या यमलोकासारखी तिथे कढई नाही की उकळते तेल नाही. तिथे थंडी आहे. हिरवट उजेडात गोठलेला पूल, आणि त्यावरून चालणारे मेलेले. स्नोरीच्या कथेत बाल्डर या देवाला सोडवून आणण्यासाठी त्याचा भाऊ नऊ रात्री अंधाऱ्या दऱ्यांतून घोडा हाकत याच दिशेला गेला होता. खेळात मुलगा आजारी पडतो आणि औषधासाठी बापाला इथे यावे लागते. त्याची कुऱ्हाड बर्फाच्या मंत्राची. थंडीने मेलेल्यांचे काय बिघडणार? आग हवी. आग त्याच्याजवळ होती, पण ती त्याने घराच्या जमिनीखाली पुरून ठेवलेली: ग्रीसमधल्या जळत्या तलवारी, ज्यांनी त्याच्या हातून त्याची पहिली बायको आणि मुलगी मारली गेली होती. तो एकटाच होडी वल्हवत घरी जातो. वादळ चालू असते. मिमिरही गप्प. फळ्या उचकटतो, कापडात गुंडाळलेल्या तलवारी बाहेर काढतो आणि पुन्हा हाताला बांधतो. पुढे मुलासह तो हेल्हाइममध्ये अडकतो, तेव्हा तिथल्या धुक्यात माणसाला आपलाच भूतकाळ दिसतो हे कळते. बापाने आपल्या बापाला मारलेले मुलगा उभा राहून पाहतो. त्या वेळी आमच्या खोलीत पंख्याचा आवाज मोठा वाटत होता.

बाल्डरची कथा मुळातली फार सुरेख आहे. त्याला काही इजा होऊ नये म्हणून आई फ्रिग साऱ्या चराचराकडून शपथा घेते. एक मिसलटो नावाचे बांडगूळ तेवढे राहून जाते आणि त्यानेच घात होतो. गांधारीची दृष्टी आणि दुर्योधनाची मांडी आपल्याला आठवतेच. खेळात आई आहे फ्रेया, आणि तिच्या मंत्राने बाल्डरला वेदना होत नाही, तशी चवही नाही, ऊबही नाही. शंभर वर्षे काहीच न जाणवलेला हा मुलगा आईवरच उलटतो. पोथीत नसलेला हा फरक मला पोथीपेक्षाही खरा वाटला. अतिजपणुकीचे असे बाल्डर प्रत्येक सोसायटीत दोन-चार असतात.

शेवटी योटुनहाइम. इतक्या खटाटोपानंतर दार उघडते आणि पलीकडे शांतता. राक्षसांचे भुवन, पण एकही राक्षस जिवंत नाही. डोंगरांएवढे देह पडलेले आणि बर्फ भुरभुरतो आहे. एका दालनाच्या भिंतीवर चित्रे कोरलेली आहेत. पोरगा हात लावून पाहतो तो काय, त्यांचाच सगळा प्रवास: झाड तोडणे, सर्प, डोंगर. राक्षसांनी तो घडण्याआधीच कोरून ठेवलेला. त्यात फे आहे. म्हणजे आई याच लोकांतली होती, आणि नवऱ्याला तिने ते कधी सांगितले नव्हते. तिचे खरे नाव लाउफे.

इथे जाणकारांना धक्का बसतो. जुन्या ग्रंथांत लाउफे ही लोकी या कारस्थानी देवाची आई. पण तिची स्वतंत्र अशी एकही कथा नाही. नुसते नाव. मुलाच्या नावामागे लागण्यापुरते. त्या एका नावातून या मंडळींनी बाई उभी केली, तीही एकदा न दाखवता, आणि तिच्या रक्षेमागे नऊ भुवने हिंडवली. भिंतीवरचे एक शेवटचे चित्र बाप एकटाच पाहतो आणि मुलाला दाखवत नाही. मग दोघे शिखरावर जातात, पिशवी उघडतात आणि दोघे मिळून रक्षा सोडतात. वारा ती खालच्या दऱ्यांवर घेऊन जातो. लढाई नाही, गुण नाहीत, विजयाचा डंका नाही. स्नोरीने एके ठिकाणी लिहिले आहे, की मृतांना दहन करावे आणि राख समुद्रात सोडावी किंवा जमिनीत पुरावी असा दंडक ओडिननेच घालून दिला. वाऱ्यावर सोडा असे त्यात नाही. ती लाउफेची स्वतःची इच्छा.

मेहुण्यांनी चष्मा काढून पुसला आणि भाच्याला विचारले, ‘आता परत कसे जायचे?’ भाचा म्हणाला, ‘आलो तसंच. चालत.’ आणि खरोखर ते दोघे तो सगळा रस्ता परत उतरले. मी चहा टाकायला उठलो.

या खेळाचा दुसरा भाग ९ नोव्हेंबर २०२२ रोजी आला, ‘रॅग्नारोक’. पहिल्या भागात बंद असलेली तीन भुवने त्यात उघडतात. व्हानाहाइम म्हणजे घनदाट अरण्य. वेली, दलदल, प्रचंड पाने. स्वार्टाल्फहाइम हे बुटक्या लोहारांचे भुवन मला सर्वांत आवडले: खाडी, लाकडी धक्के, पाणचक्क्या, गरम पाण्याची कारंजी. होडी तिथे पुन्हा मिळते. पण ही पाहुणे मंडळी शहरात शिरली की माणसे पटापट दारे लावून घेतात. ओडिनच्या जाचाने परक्याची धास्ती बसलेली. ॲसगार्ड, देवांचे भुवन, पाहून तर चकितच झालो. जुन्या कवितेत ओडिनच्या सभागृहाला ५४० दारे आहेत, छप्पर ढालींचे आहे. इथे मात्र साधी लाकडी घरे, शेते, आणि भोवती उंच तट. ओडिन एखाद्या खेडेगावच्या सावकारासारखा अघळपघळ बोलतो, जेवायला बसवतो, पोराच्या पाठीवर हात ठेवतो. सोन्याच्या महालातल्या देवाची मला इतकी भीती वाटली नसती.

नवांचे सरोवरही आता पहिल्यासारखे राहिलेले नाही. बाल्डर मेला आणि फिंबुलविंटर, युगान्तापूर्वीचा लांबच लांब हिवाळा, सुरू झाला. पाणी गोठले आहे. होडीचा उपयोग नाही. दोन लांडगे जुंपलेल्या घसरगाडीवरून तळे ओलांडायचे. मधोमध टीरचे देऊळ बर्फात रुतलेले. मुलगा उंच झाला आहे, आवाज फुटला आहे, बापाला उलट उत्तरे देतो. गाडी घसरते, मागे दोन लांबच लांब रेषा उमटतात, आणि कमरेला लटकलेला मिमिर कुठलीतरी जुनी गोष्ट पुढे चालू करतो.